निगेटिव्हवरची पेन्सिल

नागपूरच्या महाल भागात एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतीवर नमुन्याचे फोटो, मधल्या खोलीत रंगवलेला पडदा, दोन मोठे दिवे आणि लाकडी स्टँडवरचा कॅमेरा, आणि सर्वांत मागे डार्करूम, जिथला आंबूस वास बाराही महिने कपड्यांना चिकटून घरी येत असे. शाळा सुटल्यावर मी तिथेच बसून अभ्यास करायचे आणि अभ्यासातून डोके वर काढून बाबांचे रिटचिंग पाहत राहायचे. खिडकीजवळ त्यांचे उतरते डेस्क होते. त्याच्या मधोमध दुधी काच बसवलेली होती आणि काचेखाली एक आरसा असा तिरपा ठेवलेला होता की खिडकीतला उजेड खालून वर यावा. त्या काचेवर निगेटिव्ह, म्हणजे जिच्यावरून कागदावर फोटो छापतात ती फिल्म, ठेवून, डोळ्याला भिंग लावून, बाबा पेन्सिल चालवायचे. पेन्सिलीचे टोक ते सँडपेपरवर घासून सुईसारखे लांब करत, आणि हात इतका हलका असे की टोक निगेटिव्हला टेकले की नाही हे शेजारी बसूनही कळत नसे. निगेटिव्हमध्ये काळ्याचे पांढरे होते, त्यामुळे चेहऱ्यावरची सुरकुती तिथे एखाद्या स्वच्छ फटीसारखी दिसते. ती फट शिशाने भरून टाकली की कागदावर सुरकुती उतरतच नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, देवीचे व्रण, मुरुमांचे डाग, सगळे याच रीतीने नाहीसे होई. मात्र केलेले काम लपत नसे. निगेटिव्ह हातात घेऊन उजेडात जरा तिरपी धरली की जिथे जिथे पेन्सिल फिरली आहे तिथे शिशाची करडी चमक दिसायची, आणि या माणसाला स्वतःचे काय काय नकोसे आहे याचा जणू नकाशाच समोर यायचा.

गंमत म्हणून नव्हे, तर खरोखरच्या नवलाने मी एक गोष्ट तिथे वर्षानुवर्षे पाहिली. गिऱ्हाईक आपला फोटो न्यायला येई, पाकीट उघडे, थोडा वेळ फोटोकडे पाही आणि म्हणे, "भाऊ, हा काही माझ्यासारखा आला नाही." सोबत आलेला माणूस त्याच फोटोकडे पाहून म्हणे, "अगदी हुबेहूब आलाय की!" दोघेही खरे बोलत असत. बाबा वाद घालत नसत. ते फक्त कोपऱ्यातल्या आरशाकडे बोट दाखवून सांगत की तुम्ही रोज जो चेहरा पाहता तो तिथे राहतो, आणि हा जो कागदावर आला आहे तो आम्ही पाहतो.

हे त्यांना एका चुकीमुळे उमगले होते. सेवानिवृत्तीच्या समारंभासाठी फोटो हवा असलेले एक गृहस्थ पहिला फोटो नापसंत करून गेले. दुसरी प्रत काढताना घाईत फोटो छापायच्या एनलार्जर यंत्रात निगेटिव्ह उलटी बसली, म्हणजे डाव्याचे उजवे झाले, आणि तो फोटो पाहून गृहस्थ खूष झाले. "आता कसा मी दिसतो," असे म्हणून ते घेऊनही गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी फोटो परत घेऊन आल्या. शर्टाचा खिसा उजव्या बाजूला गेला होता, हे तर त्यांच्या लक्षात आलेच होते, पण त्यांची खरी तक्रार वेगळी होती. त्या म्हणाल्या, "खिशाचं सोडा हो, पण हे असे दिसतच नाहीत. चेहऱ्यात काहीतरी वाकडं आहे." चेहरा तोच, प्रकाश तोच, निगेटिव्ह तीच. पस्तीस वर्षे ज्या बाईने तो चेहरा समोरून पाहिला होता तिला आरशातला चेहरा वाकडा वाटला, आणि ज्याने तो फक्त आरशात पाहिला होता त्याला खरा चेहरा परका वाटला. त्यानंतर "हा मी नाही" म्हणणाऱ्यांना बाबा कधीकधी मुद्दाम दोन्ही प्रती दाखवत आणि निवड काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक असे.

पुढे फार वर्षांनी माझ्या वाचनात आले की १९७७ साली अमेरिकेत थिओडोर मीटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग रीतसर केला होता. तरुणींना त्यांच्या फोटोच्या सरळ आणि उलट अशा दोन प्रती दाखवल्या, त्याच प्रती त्यांच्या जवळच्या माणसांनाही दाखवल्या, आणि तरुणींचा कल आरशासारख्या प्रतीकडे, तर जवळच्यांचा कल सरळ प्रतीकडे आढळला. कारण साधे आहे. जे रोज डोळ्यांखालून जाते तेच आपल्याला योग्य वाटू लागते. पण या साधेपणाच्या पोटात मला एक मोठी गोष्ट दिसते. जगातल्या प्रत्येक माणसाने माझा जो चेहरा पाहिला आहे तो मी एकटीने कधीच प्रत्यक्ष पाहिलेला नाही. शेजारच्या दुकानदाराने पाहिला आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाने पाहिला आहे, फक्त मी नाही.

चेहऱ्याचे हे मला लहानपणीच कळले होते, पण चेहऱ्याचे जे खरे आहे तेच स्वभावाचेही असू शकते, हे कळायला आयुष्याची पंचावन्न वर्षे जावी लागली.

मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत तीन दशकांहून अधिक काळ गणित शिकवले. माझी स्वतःबद्दलची एक ठाम कल्पना होती. मी सौम्य शिक्षिका आहे, मी कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही, मुलांना समजून घेतले, अशी ती कल्पना होती, आणि तिच्या आधाराने मी दर जूनमध्ये नव्या वर्गात पाऊल टाकत असे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि आम्हाला घरून मोबाइलवर पाठ रेकॉर्ड करून पाठवावे लागले. पहिला पाठ मी वर्तुळाच्या स्पर्शिकेवर केला होता. तो नीट झाला आहे का हे पाहण्यासाठी मी तो लावला आणि पहिल्याच मिनिटात बंद केला. त्यातला आवाज पातळ, टोकदार आणि घाईचा होता. प्रत्येक वाक्य असे संपत होते जणू समोरच्याने काहीतरी चुकवले आहे. "लक्षात आलं?" हा माझा नेहमीचा प्रश्न, जो मी स्वतःच्या कानांनी हजारो वेळा मायेचा म्हणून ऐकला होता, तो तिथे दरडावल्यासारखा ऐकू येत होता. मला वाटले, मोबाइलचा माइक खराब असावा. मी मुलीला हाक मारून तसे सांगितले. तिने पाठ ऐकला आणि अगदी सहज म्हणाली, "माइक ठीक आहे आई. तू अशीच तर बोलतेस."

आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट हवेतून कानापर्यंत येते, जी सगळ्यांसाठी सारखीच आहे. दुसरी वाट कवटीच्या हाडांमधून आतल्या आत जाते, आणि ती फक्त आपल्यासाठी आहे. हाडांतून खालच्या पट्टीचे स्वर चांगले वाहतात, म्हणून आपल्याला आपला आवाज भरीव आणि मऊ वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ती आतली वाट नसते, म्हणून तो उघडा पडल्यासारखा वाटतो. म्हणजे माझ्या आवाजातला जो मऊपणा मी आयुष्यभर ऐकत आले तो खोटा नव्हता, पण तो माझ्या डोक्याच्या आतच राहत होता. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत तो कधी पोहोचलाच नव्हता. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा तीन वेळा ऐकले, पूर्ण. वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे बरेच दिवस टिकले.

मी २०२२ मध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात वीस वर्षे सोबत काम केलेल्या एका मैत्रिणीने भाषणात सांगितले की पहिली तीन-चार वर्षे सगळ्या स्टाफरूमला वाटायचे, या मॅडम फार आखडू आहेत, कुणाशी बोलत नाहीत, समोरून गेल्या तरी पाहत नाहीत. सगळे हसले, मीही हसले, पण घरी आल्यावर त्या वाक्याने मला झोपू दिले नाही. कारण त्या तीन-चार वर्षांतली मी मला स्वच्छ आठवत होते. व्हरांड्यातून जाताना समोरून कुणी आले की काय बोलावे या विचाराने माझ्या पोटात गोळा यायचा आणि मी खाली मान घालून, हातातल्या वह्यांकडे पाहत, भरभर निघून जायचे. मी भित्री होते. आतून पाहिले तर ती भीती होती, बाहेरून पाहिले तर तो तोरा होता, आणि मान खाली घालून निघून जाण्याची कृती मात्र एकच होती.

सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ संशोधिकेने २०१० मध्ये एक फार उपयोगी मांडणी केली आहे. माणसाला स्वतःबद्दल सगळेच चुकीचे ठाऊक असते असेही नाही आणि दुसऱ्यांना सगळेच बरोबर दिसते असेही नाही. कोणती गोष्ट कोणाला चांगली दिसते हे त्या गोष्टीवर अवलंबून असते. मनातली धाकधूक, अस्वस्थता, आतल्या आत चाललेली घालमेल यांच्या बाबतीत माणूस स्वतःला इतरांपेक्षा अधिक ओळखतो. पण बुद्धी, कल्पकता यांसारख्या ज्या गोष्टींचे चांगले किंवा वाईट असे मोल केले जाते, त्यांच्या बाबतीत मित्रमैत्रिणींचा अंदाज जास्त बरोबर निघतो, कारण तिथे आपला स्वतःचा हिशेब अभिमानाने किंवा धास्तीने बिघडलेला असतो. हे वाचल्यावर मला माझी दोन दुःखे वेगळी करता आली. माझी भीती मला ठाऊक होती, त्यांना नव्हती; ती मी कधीतरी कुणाला तरी सांगायला हवी होती. माझ्या बोलण्यातली धार त्यांना ठाऊक होती, मला नव्हती. ती मी कधीतरी कुणाला तरी विचारायला हवी होती. मी दोन्हीही केले नाही.

आता मेट्रोतली गोष्ट सांगते, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळेच लिहायला घेतला.

निवृत्तीनंतरच्या वर्षी एका दुपारी मी सीताबर्डीहून सुभाष नगरला जायला मेट्रोत बसले. झाशी राणी चौकाच्या स्टेशनवर चाळिशीची एक बाई आत आली, समोर बसली, थोडा वेळ पाहत राहिली आणि उठून माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडम, ओळखलंत का?" मी ओळखले नाही. तिने नाव सांगितले, वर्ष सांगितले, आणि मग मला दोन वेण्या आणि खिडकीजवळचा तिसरा बाक आठवला. हुशार मुलगी होती. गणितात नेहमी ऐंशीच्या वर असायची. आता तिचे इतवारीत कापडाचे दुकान आहे. ती मोकळेपणाने बोलत होती, मुलांचे सांगत होती, आणि मग कुठलीही कडवट छटा न आणता, फार पूर्वी मिटलेली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "मॅडम, नववीच्या सहामाहीत मला शंभरात अडतीस पडले होते. पेपर देताना तुम्ही मला सगळ्यांसमोर एक वाक्य म्हटलं होतं. ते मी अजून विसरली नाही."

मी विचारले, कोणते वाक्य?

"तुम्ही म्हटलं, तुझ्याकडून अपेक्षा नव्हती."

मला हायसे वाटले. मी म्हणाले, "अगं, ते तर मी कौतुकानेच म्हटलं असेल. म्हणजे तुझ्यासारख्या हुशार मुलीकडून अशा मार्कांची अपेक्षा नव्हती."

तिने माझ्याकडे पाहिले. गाडी शंकर नगरच्या स्टेशनात शिरत होती. ती म्हणाली, "असं होतं का ते? मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती."

त्यानंतर थोडा वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग तिनेच सांगितले की त्या दिवसापासून गणिताच्या तासाला ती शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागली, आणि दहावीनंतर तिने गणित सोडले ते कायमचे. मी पुन्हा समजावू लागले तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "पण मॅडम, तेव्हा मला तर ते तसंच ऐकू आलं ना." आणि जाता जाता, मला बरे वाटावे म्हणून की खरेच अभिमानाने, कोण जाणे, तिने सांगितले की दुकानाचा सगळा हिशेब ती स्वतः ठेवते, रोज रात्री गल्ला जुळवते आणि एका रुपयाचाही फरक येत नाही. सुभाष नगर आले आणि मी उतरले.

त्या वाक्यात एक शब्द कमी होता. 'अशी' किंवा 'ही', जो म्हणाल तो. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" असे म्हटले असते तर ती दुखावली असती, पण तिला कळले असते की माझ्या मनात तिची जागा वरची आहे. तो एक शब्द माझ्या मनात होता, तोंडातून मात्र बाहेर पडला नाही, आणि मी असे धरून चालले की जे मनात आहे ते तिला ऐकू आले आहे. आमच्या भाषेत हे रोजचेच आहे. आपण अर्धे बोलतो आणि अर्धे समोरच्याने समजून घ्यावे असे गृहीत धरतो. घरात ते चालते, कारण घरच्यांना आपला उरलेला अर्धा भाग ठाऊक असतो. चौदा वर्षांच्या मुलीला तो ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. तिच्याकडे माझे मन नव्हते, माझे वाक्य होते, माझा चेहरा होता आणि तो टोकदार आवाज होता, जो मी स्वतः अजून ऐकलेलाही नव्हता.

मी किती मुलांना हेच वाक्य म्हटले असेल याची मोजदाद आता शक्य नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. मी स्वतःला ज्या हेतूंनी ओळखते त्यांतला फार थोडा भाग बाहेर पडतो. जो पडतो तोच लोकांना मिळतो, आणि त्यावरच ते मला ओळखतात. माझ्या सौम्यपणाची जी वही मी मनात इतकी वर्षे लिहीत होते तिच्यात सगळ्या नोंदी जमेच्या होत्या, कारण त्या सगळ्या माझ्या हेतूंच्या होत्या. खर्ची पडलेले काय आणि ते कोणाच्या पदरात काय म्हणून पडले, याची वही मात्र दुसऱ्यांकडे होती. म्हणून कुणी आपल्याबद्दल काही वेगळे सांगितले की "त्याचा गैरसमज झाला आहे" असे चटकन म्हणणे मला आता जमत नाही. गैरसमज असेलही, पण तो ज्यापासून तयार झाला ते मी दिलेले असते.

याचा अर्थ लोकांच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहत बसावे असा कुणी काढला तर मी त्याला विरोध करीन. मी 'लोक काय म्हणतील' या वाक्याखाली वाढलेली बाई आहे. महालातल्या आमच्या वाड्यात ते वाक्य दिवसातून चार वेळा ऐकू येई, आणि त्या वाक्यातले 'लोक' नेमके कोण हे मला कधीच कळले नाही. चार्ल्स हॉर्टन कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये लिहून ठेवले आहे की आपण दुसऱ्याला कसे दिसत असू याची आपण कल्पना करतो, तो त्यावर काय मत बनवत असेल याची दुसरी कल्पना करतो, आणि मग त्यातून अभिमान किंवा शरम वाटून घेतो. या सगळ्यात त्या दुसऱ्या माणसाला कुणी काही विचारलेलेच नसते. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात माझ्या नव्या साडीवर वरणाचा मोठा डाग पडला होता आणि मी ते सगळे लग्न भिंतीला पाठ लावून, पदर मुठीत धरून काढले. पुढे कधीतरी मी तो विषय काढला तेव्हा बहिणीला, आईला, शेजारी जेवायला बसलेल्या मावशीला, कुणालाही तो डाग आठवत नव्हता. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. त्या विद्यार्थ्यांना वाटले की जवळपास निम्म्या जणांनी आपला टी-शर्ट पाहिला असेल. प्रत्यक्षात तो चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांच्याच लक्षात राहिला होता.

लग्नातला डाग आणि मेट्रोतली भेट या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला जे दिसले ते असे की मी आयुष्यभर चुकीच्या डोळ्यांना घाबरले. लग्नातल्या चारशे पाहुण्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते, आणि मी त्यांच्यासाठी भिंतीला चिकटून बसले. वर्गातल्या पन्नास मुलांचे डोळे मात्र रोज पस्तीस मिनिटे माझ्यावरच खिळलेले होते, माझ्या कपाळाच्या आठीपासून पेपर देताना हात कसा पुढे येतो इथपर्यंत सगळे टिपत होते, आणि त्या डोळ्यांना आपण कसे दिसत असू हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मुलांना काय कळते, असे आपण म्हणतो. मुलांनाच कळते, कारण त्यांचे आपल्यावाचून अडते, आणि ज्याचे अडते तो नीट पाहतो.

गावांचेही असेच असते का, असा विचार माझ्या मनात येतो, कारण नागपूर सोडून मी दोन वर्षे पुण्यात एम.एस्सी.साठी राहिले होते. वसतिगृहातल्या मैत्रिणीने तिसऱ्याच दिवशी विचारले, "तू हे 'करून राहिले', 'जाऊन राहिले' असं का बोलतेस?" मी म्हणाले, मी असे बोलतच नाही. आणि मी खोटे बोलत नव्हते. मला खरेच वाटत होते की मी पुस्तकातली मराठी बोलते. दुसऱ्या दिवशी तिने सकाळपासून बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि रात्री सांगितले, सतरा वेळा. ती चिडवत नव्हती, पण मला चिडवल्यासारखे लागले. मी ते सोडण्याचा इतका प्रयत्न केला की दोन वर्षांनी घरी परत आले तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरगी तर पुण्याची बोलून राहिली!" आणि तेही माझ्या कानाला ऐकू आलेले नव्हते. एकाच जिभेबद्दल दोन्हीकडच्यांनी मला सांगितले, आणि दोन्ही वेळा मला ते दुसऱ्याकडूनच कळले.

नागपूरला स्वतःबद्दल काय वाटते ते झिरो माइलपाशी उभे राहिले की कळते. वाळूच्या दगडाचा तो स्तंभ, ते चार घोडे, आणि हा देशाचा मध्य आहे असे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो. हे शहर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते. विदर्भ मराठी राज्यात येण्याच्या अटी ठरवणारा १९५३ चा नागपूर करार झाला, १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि राजधानीपणाची आठवण म्हणून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन उरले. आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यात ती राजधानी अजून होती. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला मात्र नागपूर म्हणजे संत्री, मे महिन्यातले ४५ अंशांवरचे ऊन आणि सावजीचा जाळ, एवढेच माहीत होते. मला तेव्हा राग आला होता. आज येत नाही, कारण तिच्याकडे आमचा इतिहास पोहोचलेला नव्हता, संत्री पोहोचली होती. झिरो माइलच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर अशा दूरच्या गावांची अंतरे कोरलेली आहेत. लहानपणी बाबांचे बोट धरून मी ती वाचली होती आणि विचारले होते की यावर नागपूर कुठे लिहिले आहे. बाबा म्हणाले होते, इथूनच तर मोजायचं आहे.

बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. रंगीत फोटोंच्या लॅब आल्या आणि स्टुडिओ त्यांच्या हयातीतच बंद पडला, पण निगेटिव्हचे डबे त्यांनी टाकू दिले नाहीत. मागच्या हिवाळ्यात भावाने महालातले जुने घर रिकामे केले तेव्हा ते डबे माझ्याकडे आले. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर बाबांच्या अक्षरात नाव आणि तारीख. चौथ्या डब्यात माझे नाव सापडले. १९८६ सालचे. पुण्याहून परत आल्यावर स्थळांना पाठवायला काढलेला फोटो.

तो फोटो मला आठवतो. त्या वयात माझ्या दोन्ही गालांवर मुरुमांचे डाग होते, आणि आपण दिसायला चांगल्या नाही ही माझी तितकीच ठाम कल्पना होती. फोटोत गाल स्वच्छ आले होते. मी तो एकदाच पाहिला आणि बाजूला ठेवला, कारण तो चेहरा माझा नव्हता, बाबांच्या पेन्सिलीचा होता. ज्या घरांत तो फोटो गेला तिथे आपण खोटे पाठवले आहे असे मला वाटत राहिले. लग्न ठरले तेव्हाही पहिल्या भेटीत मी मान खाली घालून बसले होते ते लाजेने नव्हे, तर फोटोतली मुलगी आणि समोर बसलेली मुलगी यांची तुलना चालली असेल या धास्तीने. बाबांना मी याबद्दल कधी काही विचारले नाही आणि त्यांनीही कधी काही सांगितले नाही.

मी पाकीट उघडले, निगेटिव्ह कडांनी धरली आणि खिडकीपाशी गेले. सकाळचे ऊन होते. निगेटिव्ह तिरपी केली. गालांवर चमक दिसेल म्हणून वाट पाहिली. दुसऱ्या बाजूने तिरपी केली. मग बाबांचे जुने भिंग काढले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एकेक जागा पाहिली. दोन्ही गालांवर मिळून मुरुमांचे चार-पाच बारीक ठिपके होते, तेही शोधावे लागत होते. पेन्सिल कुठेही फिरलेली नव्हती.